कॅट काढलेली गाडी: विमा कुठे तुटतो, कायदा कुठे धरतो

सरळनळी (धागाकर्ता)

गाडीचा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे एक्झॉस्टमधला धूर स्वच्छ करणारा डबा (पुढे नुसतं 'कॅट' म्हणू), काढून तिथे सरळ पाइप जोडला, किंवा त्याच्या आतलं सिरॅमिकचं जाळीदार पोळं फोडून रिकामा डबा परत बसवला, तर विम्याचं आणि कायद्याचं नक्की काय होतं? या विषयावर दोनच टोकाची मतं वाचायला मिळतात. एक, 'विमा तिथल्या तिथे रद्द'. दुसरं, 'खाली वाकून कोण बघतंय'. दोन्ही पटत नाहीत.

थर्ड पार्टी आणि स्वतःच्या गाडीचं नुकसान यांचा हिशेब वेगळा लागतो का? कॅट चोरीला गेला तर काय करायचं? आणि आधीच्या मालकाने काढलेला असेल तर कोण अडकतं? भारताबाहेरच्या सभासदांनी तिकडचे कायदेही सांगावेत.

कलमदान

आधी विमा. पॉलिसीत दोन वेगळे करार एकत्र शिवलेले असतात आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो.

थर्ड पार्टीचा भाग कायद्याने सक्तीचा आहे आणि तो रस्त्यावरच्या तिऱ्हाइतासाठी आहे, गाडीमालकासाठी नाही. त्यामुळे तो नाकारण्याची कारणं कायद्यानेच मोजून दिलेली असतात. भारतात मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम १५० मध्ये ती यादी आहे (२०१९ च्या दुरुस्तीआधी हे कलम १४९ होतं): परवाना नसणं, शर्यत, भाड्याने वापर, महत्त्वाची माहिती दडवून पॉलिसी घेणं वगैरे. 'एक्झॉस्टमध्ये बदल' हे कारण त्यात नाही. ब्रिटनमध्ये तर रोड ट्रॅफिक अॅक्ट १९८८ चं कलम १४८ थेटच सांगतं की गाडीच्या स्थितीबद्दलची अट तिऱ्हाइताच्या दाव्याविरुद्ध चालणार नाही. पण त्याच कलमात पुढे असंही आहे की त्या अटीमुळे एरवी द्यावे लागले नसते असे पैसे कंपनी विमेदाराकडून वसूल करू शकते. जखमीला पैसे मिळतात, बिल नंतर मालकाच्या दारात येऊ शकतं. भारतीय न्यायालयांतही 'आधी भरा, मग वसूल करा' हे तत्त्व रुळलेलं आहे. सर्वोच्च न्यायालयाचा २००४ चा स्वर्ण सिंग निकाल त्यासाठी नेहमी दाखवला जातो.

स्वतःच्या नुकसानीचा भाग म्हणजे ओडी. हा साधा करार आहे आणि कॅटचा प्रश्न खरा इथे येतो. कंपनीकडे दोन हत्यारं असतात. पहिलं, माहिती दडवली. दुसरं, गाडी सुस्थितीत ठेवण्याची अट मोडली. पहिलं जास्त धारदार आहे, कारण ते पॉलिसीच्या मुळावरच घाव घालतं. दुसऱ्यात कंपनीला साधारणपणे दाखवावं लागतं की मोडलेल्या अटीचा नुकसानीशी काही संबंध होता.

बोनेटखाली

> विमा तिथल्या तिथे रद्द

आपोआप काहीही रद्द होत नाही. रद्द करायला कंपनीला तसं कळवावं लागतं आणि कारण द्यावं लागतं. तोवर पॉलिसी जिवंत आहे. पण 'जिवंत' म्हणजे 'क्लेम मिळणारच' असंही नाही.

चिमटा

जर्मनीतलं चित्र जास्त रेखीव आहे म्हणून सांगतो. तिथल्या वाहन परवाना नियमावलीच्या कलम १९ प्रमाणे धूर किंवा आवाज बिघडवणारा बदल केला की गाडीची 'चालवण्याची मंजुरी'च संपते. म्हणजे कॅटशिवायची गाडी कागदावर मंजुरी नसलेली गाडी. विमा करार कायद्याच्या कलम २३ मध्ये 'धोका वाढवणे' ही कल्पना आहे: करार झाल्यावर विमेदाराने स्वतःहून धोका वाढवायचा नाही. पण कलम २६ मध्ये तोडही आहे. वाढलेला धोका अपघाताला कारणीभूत नसेल तर कंपनीला हात झटकता येत नाहीत. आणि थर्ड पार्टीचे पैसे भरल्यावर या कारणासाठी विमेदाराकडून वसुली जास्तीत जास्त ५,००० युरोपर्यंतच.

शिवाय तिथे जुलै २००९ आधी नोंदलेल्या गाड्यांचा वाहनकर उत्सर्जन वर्गाशी जोडलेला आहे. अशा गाडीचा कॅट काढून जुन्याच दराने कर भरत राहिलं तर करचुकवेगिरीचं वेगळंच लचांड मागे लागू शकतं.

नटबोल्ट

कायद्याचं चालू द्या, पण मुळात कॅट काढायची वेळ का येते ते बघा. बहुतेकदा गाडी ओढत नाही किंवा इंजिन चेकचा दिवा लागून पी०४२० कोड येतो, आणि कोणीतरी सल्ला देतं, 'कॅट जाम आहे, काढून टाक'. निदान न करता दिलेला सल्ला.

पी०४२० म्हणजे कॅट जाम झाला असं नव्हे. त्याचा अर्थ एवढाच की कॅटची ऑक्सिजन साठवायची क्षमता ठरलेल्या पातळीखाली गेल्याचं ईसीयूला (इंजिनाच्या संगणकाला) कॅटच्या मागच्या ऑक्सिजन सेन्सरवरून वाटतंय. मागचा सेन्सर बिघडला, सेन्सरच्या आधी कुठे एक्झॉस्ट गळत असला, तरी हाच कोड येतो. कॅट काढला तर तो कायमचा येईल, कारण मागच्या सेन्सरला आता पुढच्यासारखाच वायू दिसणार.

जाम आहे का ते मोजून बघता येतं. गार इंजिनावर कॅटच्या आधीचा ऑक्सिजन सेन्सर काढा. बहुतेक गाड्यांत एम१८ × १.५ आटा आणि २२ मिमीचा पाना लागतो. त्या भोकात अडॅप्टर लावून प्रेशर गेज जोडा, इंजिन तापू द्या. आयडलला दाब १.५ पीएसआयच्या आत आणि २५०० आरपीएमला ३ पीएसआयच्या आत असेल तर कॅट मोकळा आहे, दोष दुसरीकडे शोधा. २५०० ला दाब ३ च्या बराच वर जाऊन वाढतच राहिला तर पुढे अडथळा आहे. तो सायलेन्सरमध्येही असू शकतो. कॅटमागचा जोड सैल करून पुन्हा मोजलं की कळतं.

आणि खरंच वितळलेला निघाला तर तो का वितळला हे आधी शोधा. कॅट सहसा स्वतः मरत नाही, त्याला मारतात. मिसफायरमुळे न जळलेलं पेट्रोल कॅटमध्ये जाऊन तिथे पेटतं आणि सिरॅमिकचं पोळं वितळतं. पिस्टन रिंग किंवा व्हॉल्व्ह सीलमधून जाणारं ऑइल फॉस्फरसचा थर चढवतं. हेड गॅस्केटमधून कूलंट, चुकीचा सिलिकॉन सीलंट, यांनीही कोटिंग मरतं. कारण तसंच ठेवून नवा कॅट बसवला तर तोही काही महिन्यांत त्याच वाटेने जातो. मग लोक म्हणतात, डुप्लिकेट निघाला.

सरळनळी

पण कॅट काढल्याने ताकद वाढते हे तरी खरं ना?

नटबोल्ट

चांगल्या कॅटने होणारा अडथळा आजच्या गाड्यांत फार थोडा असतो. मूळ कॅटमध्ये साधारण ४०० ते ६०० पेशी प्रति चौरस इंच असतात. पैसे उरले असतील आणि खरंच प्रवाह हवा असेल तर २०० पेशींचे हाय-फ्लो कॅट मिळतात. पण 'कॅट आहे' एवढ्याने तो कायदेशीर होत नाही. त्या गाडीच्या मॉडेलसाठी मंजुरी हवी. कॅलिफोर्नियात तर कॅटवर तिथल्या हवा मंडळाचा मंजुरी क्रमांक कोरलेला लागतो.

पोळं फोडणाऱ्यांसाठी अजून एक. हल्ली कॅट इंजिनाला चिकटून, मॅनिफोल्डमध्येच असतो. अर्धवट फुटलेल्या पोळ्याची भुकटी व्हॉल्व्ह ओव्हरलॅपच्या वेळी (आत घेणारा आणि बाहेर सोडणारा व्हॉल्व्ह क्षणभर एकत्र उघडे असताना) उलटी सिलिंडरमध्ये ओढली जाऊ शकते. सिरॅमिकची भुकटी सिलिंडरच्या भिंतीला काय करते ते सांगायला नको. उरलेले तुकडे पुढे सायलेन्सरमध्ये अडकतात आणि ज्या अडथळ्यापासून सुटका हवी होती तोच परत येतो.

धूरधूर

आमच्याकडे तर कॅट नसलेल्या गाड्यासुद्धा पीयूसी पास होतात. मग बेकायदा कसं?

कलमदान

@धूरधूर, पीयूसी पास होणं आणि गाडी कायदेशीर असणं या दोन गोष्टी वेगळ्या.

पेट्रोल गाडीच्या पीयूसीत आयडलला कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन मोजतात. बीएस-४ (भारत स्टेज, प्रदूषण मानकाचा टप्पा) आणि पुढच्या चारचाकींना मर्यादा अनुक्रमे ०.३ टक्के आणि २०० पीपीएम. शिवाय वाढवलेल्या आरपीएमला लॅम्डा, म्हणजे हवा-इंधनाचं प्रमाण, बघायचा असतो. नायट्रोजन ऑक्साइड या चाचणीत मोजतच नाहीत, आणि ते कमी करणं हे तर थ्री-वे कॅटचं तिसरं काम. शिवाय नायट्रोजन ऑक्साइड तयार होतात ते इंजिनावर ओझं असताना, आयडलला नव्हे. तेव्हा पास झालेला कागद म्हणजे त्या दिवशी, त्या मिनिटाला, दोन वायू मर्यादेत होते. बस.

आता मोटार वाहन कायद्याची कलमं. कलम ५२: उत्पादकाने मूळ ठरवलेल्या तपशिलापेक्षा वेगळी होईल अशी गाडी मालकाने बदलायची नाही. यावर 'आरसीवर कॅटचा उल्लेखच नाही' असा युक्तिवाद होतो. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये के. जयचंद्र प्रकरणात स्पष्ट केलं की उत्पादकाच्या मूळ रचनेविरुद्ध बदल चालणार नाहीत. आणि आरसीवर कॅट नसला तरी 'बीएस-६' लिहिलेलं असतं. कॅट काढलेली गाडी त्या शब्दाला खोटं पाडते.

शिक्षा: कलम १८२अ(४) खाली परवानगी नसलेल्या बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही. कलम १९०(२) हवा आणि आवाज प्रदूषणाच्या मानकांसाठी: पहिल्या वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि तीन महिने लायसन्स अपात्र. यात लोक दंडाचा आकडा बघतात, पण नोकरीसाठी गाडी चालवणाऱ्याला लायसन्सचे तीन महिने जास्त महाग पडतात. शिवाय कलम ५३ खाली नोंदणी निलंबित होऊ शकते.

बोनेटखाली

पीयूसी आणि विमा यांची सांगड घालूनही बराच गैरसमज आहे. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१७ मध्ये पीयूसीशिवाय विमा नूतनीकरण नको असा आदेश दिला होता. त्यावरून 'पीयूसी नाही तर क्लेम नाही' असे मेसेज फिरले, तेव्हा विमा नियामक आयआरडीएआयने ऑगस्ट २०२० मध्ये खुलासा केला की वैध पीयूसी नसणं हे क्लेम नाकारायचं कारण नाही. २०२४ च्या जुलैमध्ये न्यायालयाने ती नूतनीकरणाची अटही काढली.

पण याचा आधार कॅट काढणाऱ्याला घेता येत नाही. पीयूसी नसणं म्हणजे कागद नसणं. कॅट नसणं म्हणजे गाडी बदलणं आणि ते न सांगणं.

पूर्वपश्चिम

अमेरिकेचं. क्लीन एअर अॅक्टचं कलम २०३(ए)(३). उत्सर्जन नियंत्रणाचा भाग जाणूनबुजून काढणं किंवा निकामी करणं कोणालाही मना आहे. १९९० च्या दुरुस्तीआधी हे बंधन गॅरेज आणि विक्रेत्यांवर होतं, खासगी मालक सुटत असे. अजूनही तेच जुनं ज्ञान इंटरनेटवर फिरतं. त्याच कलमाचा दुसरा भाग निकामी करणारी वस्तू बनवणाऱ्यावर, विकणाऱ्यावर आणि बसवणाऱ्यावर आहे. त्यामुळे नळी विकणारा, ट्यून करणारा आणि बसवणारा हे तिघेही कचाट्यात येतात. 'फक्त ट्रॅकसाठी' असं डब्यावर छापलं की सुटका होते असं नाही, जर गाडी रस्त्यासाठी प्रमाणित असेल.

दुसरं म्हणजे वॉरंटी. १९९५ पासूनच्या मॉडेलना कॅट आणि इंजिन कंट्रोल युनिटसाठी ८ वर्षं किंवा ८०,००० मैल अशी संघीय वॉरंटी आहे. या काळात कॅट बिघडला तर तो काढून टाकणं म्हणजे फुकट मिळणारा भाग स्वतःच्या हाताने फेकणं.

वायव्य

ब्रिटन: एमओटी या सक्तीच्या वार्षिक तपासणीत उत्पादकाने बसवलेला कॅट जागेवर नसेल तर गाडी नापास, धूर कितीही स्वच्छ असो. डिझेलच्या डीपीएफचंही (धुरातली काजळी अडवणाऱ्या गाळणीचंही) तसंच, ते २०१४ पासूनच बघतात. डीपीएफशिवाय रस्त्यावर चालवली तर कारला १,००० पौंडांपर्यंत आणि हलक्या मालगाडीला २,५०० पौंडांपर्यंत दंड.

विम्यासाठी २०१२ चा ग्राहक विमा माहिती कायदा बघा. कंपनीने विचारलं, 'गाडीत काही बदल?' आणि 'नाही' लिहिलं. ते मुद्दाम किंवा बेफिकिरीने लिहिलं असं ठरलं तर कंपनी पॉलिसी टाळू शकते आणि हप्ताही सहसा ठेवून घेते. निष्काळजीपणाने राहिलं असेल तर प्रमाणात कपात. भरलेला हप्ता खऱ्या माहितीवर लागला असता त्याच्या ८० टक्के होता, तर क्लेमचेही ८० टक्के. आणि खरं कळलं असतं तर पॉलिसी दिलीच नसती, असं कंपनीने दाखवलं तर क्लेम शून्य, हप्ता परत. बेकायदा बदलाला बहुतेक विमा कंपन्या पॉलिसी देणार नाहीत, हे लक्षात घेतलं तर हा तिसरा पर्याय सगळ्यात जवळचा आहे.

सरळनळी

म्हणजे 'मी कंपनीला कळवलं होतं' हे कवच होऊ शकतं का?

कलमदान

दडवल्याच्या आरोपापुरतं. बेकायदेशीरपणा कळवल्याने कायदेशीर होत नाही. एजंटला फोनवर सांगितलं याला काही अर्थ नाही, पॉलिसीवर लेखी नोंद हवी. आणि तशी नोंद द्यायला कंपनी तयार होईल असं धरून चालू नका.

बोनेटखाली

सर्व्हेअरच्या नजरेतून वेगवेगळे क्लेम घ्या, म्हणजे 'संबंध' या शब्दाला अर्थ येईल.

मागून कोणी ठोकलं, डिकी आणि बंपर गेला. कॅटचा काही संबंध नाही. भारतात अट मोडल्याच्या प्रकरणांत सरसकट नकाराऐवजी 'नॉन-स्टँडर्ड' पद्धतीने ७५ टक्क्यांपर्यंत तडजोडीचा आधार आहे. सर्वोच्च न्यायालयाचे नितीन खंडेलवाल (२००८) आणि अमलेंदु साहू (२०१०) हे निकाल त्यासाठी वापरतात. दोन्ही खासगी गाडीच्या वापराच्या अटींवरून होते, कॅटवरून नाही, एवढं भान ठेवून वाचा.

आग लागली. इथे प्रकरण फिरतं. कॅटबरोबर त्याची हीट शील्ड सहसा जाते, नवी नळी मूळ मार्गापेक्षा थोडी वर किंवा बाजूला बसते, वेल्डिंगचा जोड कच्चा असतो, मागच्या सेन्सरची वायर नळीला टेकते. त्या भागातून इंधनाची नळी आणि वायरिंग जात असेल तर आगीचं मूळ तिथेच शोधलं जाणार. बदल आणि नुकसान यांची साखळी जुळली की क्लेम वाचवणं फार कठीण.

इंजिन खराब झालं. हे मुळातच मेकॅनिकल बिघाड म्हणून वगळलेलं असतं. इंजिन संरक्षणाचं अॅड-ऑन असलं तरी ते मुख्यतः पाणी शिरणं, ऑइल गळणं यासाठी असतं.

कार्बन मोनॉक्साइड केबिनमध्ये. सगळ्यात वाईट. कॅट असतानाही गळती घातक असते, पण काढल्यावर एक्झॉस्टमधलं प्रमाण कितीतरी वाढतं. फ्लेंजला गॅस्केट न बदलता घातलेली नळी, तळाच्या पत्र्याला एखादं रबरी बूच नसलेलं भोक, काचा बंद. प्रवाशाला काही झालं तर विषय विम्याचा राहत नाही, फौजदारी निष्काळजीपणाचा होतो, मालकासकट बसवणाऱ्यावरही.

चिमटा

चोरीबद्दल कोणी लिहिलं नाही अजून. प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियमसाठी हे होतं. खाली मोकळी जागा असलेल्या गाड्या आणि हायब्रिड जास्त लक्ष्य. हायब्रिडमध्ये इंजिन कमी चालल्याने कॅट कमी झिजलेला असतो. बॅटरीवरची करवत असली की दोन-तीन मिनिटांचं काम.

सकाळी गाडी सुरू करताच ट्रॅक्टरसारखा आवाज आला तर लगेच बंद करा. खाली बघा: कापलेल्या नळीची टोकं, सेन्सरच्या तुटलेल्या वायरी, आणि करवत लागली असेल तर शेजारची इंधनाची किंवा ब्रेकची नळी. फोटो काढा, पोलिसांत तक्रार द्या, कंपनीला कळवा, सर्व्हे होईपर्यंत काही जोडू नका. गॅरेजपर्यंत चालवत नेऊ नका, टो करा. 'तात्पुरती नळी' हा मोह इथेच होतो. ती लावून महिनाभर फिरलात तर चोरीचा बळी असलेला माणूस आपल्या पायांनी कलम ५२ मध्ये जाऊन बसतो.

भारतात ओडीमध्ये चोरी येते, नुसत्या थर्ड पार्टीत नाही. धातूच्या भागावर घसारा कापतात: ५ ते १० वर्षांच्या गाडीला ४० टक्के, १० वर्षांपुढे ५०. वर सक्तीची कपात, १५०० सीसीपर्यंत १,००० रुपये, त्यापुढे २,०००. नो क्लेम बोनस जाईल तो वेगळाच. आकडे मांडून मगच क्लेम करायचा का ते ठरवा; पोलीस तक्रार मात्र दोन्ही वेळेला करा, कारण कॅट तुम्ही काढला नाही याचा तोच पुरावा.

नटबोल्ट

जुनी गाडी घेताना कॅट आहे का हे डबा बघून कळत नाही. रिकामा डबाही तसाच दिसतो.

रबरी हातोडीने हलके ठोका. आत खुळखुळलं तर पोळं सुटलंय, पूर्ण पोकळ घुमला तर पोळंच नाही. डब्याच्या शिवणीवर नवं वेल्डिंग दिसतंय का बघा. पुढचा सेन्सर काढून त्या भोकातून बोअरस्कोप (नळीवरचा छोटा कॅमेरा) घातला तर शंकाच उरत नाही. मग स्कॅनर. तापलेल्या इंजिनावर मागच्या सेन्सरचा आलेख चांगल्या कॅटला ०.६ ते ०.७ व्होल्टच्या आसपास शांत असतो. कॅट नसेल तर ०.१ ते ०.९ मध्ये झपझप वरखाली. मागचा आलेख अगदी सरळ रेघ, गॅस सोडला तरी ढिम्म, तर तिथे नकली सिग्नल देणारी काहीतरी भानगड आहे.

स्कॅनरवर रेडिनेस मॉनिटर (गाडीने स्वतःच्या चाचण्या पूर्ण केल्या का याची नोंद) बघायला विसरू नका. कॅटचा मॉनिटर 'अपूर्ण' असेल तर कोड नुकतेच पुसलेत. काही दिवस चालवून परत बघा. पण मूळ गाडीला असलेला मॉनिटर 'उपलब्ध नाही' दाखवत असेल तर ईसीयूच्या सॉफ्टवेअरमध्ये हात घातलाय. तशा गाडीला नवा कॅट बसवून भागत नाही, मूळ सॉफ्टवेअर परत टाकावं लागतं.

सेन्सर मागे सरकवणारे स्पेसर मिळतात. ते बघितले की समजा, आधीच्या मालकाला सगळं माहीत होतं.

धूरधूर

आधीच्या मालकाने केलं तर नव्याला दंड?

कलमदान

रस्त्यावर कोण चालवतंय ते बघतात. कलम १९०(२) चालवणाऱ्यावर आणि चालवू देणाऱ्यावर आहे, बदल कोणी केला याला तिथे महत्त्व नाही. विम्यात मात्र फरक पडतो: जे माहीतच नव्हतं ते दडवलं असं म्हणता येत नाही. कळल्याच्या तारखेपासून घड्याळ सुरू. गॅरेजकडून लेखी तपासणी अहवाल घ्या, विकणाऱ्याला लेखी कळवा, कॅट बसवा, बिलावर पार्ट नंबर आणि गाडीचा चेसिस नंबर दोन्ही लिहून घ्या. पुढे कोणत्याही सर्व्हेअरसमोर तेवढा कागद पुरतो.

सरळनळी

शेवटचा प्रश्न. ज्या जुन्या गाडीला कारखान्यातूनच कॅट नव्हता, तिचं काय?

पूर्वपश्चिम

नव्हता तर काढलाच नाही. अमेरिकेत बहुतेक गाड्यांना १९७५ च्या मॉडेलपासून आला, भारतात नव्या पेट्रोल गाड्यांना चार महानगरांत १९९५ पासून. त्या सीमारेषेजवळच्या गाडीत एकाच मॉडेलच्या दोन्ही तऱ्हा सापडतात, त्यामुळे वर्षावरून ठरवू नका. चेसिस नंबर टाकून उत्पादकाच्या पार्ट्स कॅटलॉगमध्ये एक्झॉस्टचं पान काढा. तिथे कॅटचा पार्ट नंबर नसेल तर त्या पानाची प्रत गाडीच्या कागदांत ठेवा.